धाकट्याची हजेरी

आमच्या तीन नंबरच्या बराकीत सदतीस माणसं होती आणि सकाळची मोजणी रोज अडतीस भरायची. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. तुरुंगातली ही मनोरुग्णांची बराक. पहाऱ्याला मी आणि माझा जोडीदार दाढी. त्याला दाढी नव्हती, कधीकाळी होती, पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं.

अडतिसावा म्हणजे धाकटा. घड्याळवाल्याचा भाऊ, आणि तो फक्त घड्याळवाल्यालाच दिसायचा. घड्याळवाला तसा देवमाणूस. एका दुकानाच्या काचेमागे अकरा घड्याळं अकरा निरनिराळ्या वेळा दाखवत होती. धाकटा म्हणाला, मार दगड, आणि याने मारला. काच गेली, दुकानदाराच्या कपाळाला सात टाके पडले, आणि घड्याळवाला आमच्याकडे आला तो तीन वर्षं राहिला.

आमच्याकडे मोजणीला बंदी रांगेत उभे राहून आपापला आकडा ओरडतात. शेवटच्याचा आकडा आम्ही कागदावर लिहायचा आणि कागद मुख्य फाटकावर पाठवायचा. घड्याळवाला रांगेत बाविसावा. तो ‘बावीस’ म्हणायचा आणि मग शेजारी बघून हळूच ‘तेवीस’. पहिल्या दिवशी मी दरडावलं, तर पठ्ठ्या जागचा हलेना. म्हणाला, “त्याला मोजणार नसाल तर मलाही मोजू नका.” पाऊण तास गेला. शेवटी दाढी वैतागला.

“अहो, मोजा की! लिहिताना एक वजा करा. कुणाच्या बापाचं काय जातंय?”

तेव्हापासून ऐकायचं अडतीस आणि लिहायचं सदतीस. पुढे पुढे मला धाकट्याची सवयच लागली. “झोपला का रे नीट?” “सर्दी झालीय त्याला, मामा.” “मग दाराशी नको निजवूस, वारा लागतो.” इथले सगळे मला मामाच म्हणतात. घरी जेवताना आमची हीसुद्धा विचारायची, “धाकटा काय म्हणतोय?” मीही सांगायचो, आणि अधूनमधून पदरची दोन वाक्यं घालायचो.

भानगड सुरू झाली ती डॉक्टरीणबाईंच्या अहवालाने. त्यांनी लिहिलं, घड्याळवाल्याचे भास सहा महिने पूर्ण थांबलेले आहेत, त्याला बहिणीच्या ताब्यात घरी सोडायला हरकत नाही. तो अहवाल मी आणि दाढीने चोरून वाचला आणि एकमेकांकडे बघितलं. त्याच सकाळी धाकट्याची हजेरी खणखणीत लागली होती! म्हणजे हा गडी डॉक्टरीणबाईंना थापा मारत होता. आम्ही मूग गिळून बसलो. का सांगायचं? माणूस गोळ्या घेतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात, बहीण त्याची वाट बघतेय. गेला घरी धाकट्याला घेऊन, तर जाऊ दे की.

सुटकेचा निर्णय करणारं मंडळ वर्षातून दोनदाच येतं. ज्या दिवशी ते येणार होतं त्या सकाळी मी बुटाला पॉलिश, शर्टाला इस्त्री करून नुसता तरंगत होतो. मोजणी झाली, आकडा लिहिला, कागद पाठवला.

दहा मिनिटांत भोंगा वाजला.

भोंगा वाजला की सगळी फाटकं बंद. माणूस आत येत नाही की बाहेर जात नाही. फाटकावरून शिपाई धावत आला. “तुमच्या बराकीत एक कमी! छत्तीस लिहिलेत!” दाढीने ताबडतोब फेरमोजणी घेतली आणि पांढराफटक चेहरा करून तोही म्हणाला, “छत्तीसच!” मग जी पळापळ झाली! गाद्या उलटल्या, संडासाची दारं ठोकली, स्वयंपाकघरातल्या पातेल्यांतही लोक डोकावून आले. आमचे बंदीही उत्साहाने शोधायला लागले. कुणाला शोधतोय हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

शेवटी अधीक्षक साहेब स्वतः आले आणि एकेकाच्या खांद्याला हात लावत त्यांनी मोजलं. सदतीस.

मी सुटकेचा निःश्वास टाकला, पण साहेबांचा चेहरा आणखी लाल झाला. “दोन मोजण्यांत छत्तीस, आता सदतीस! म्हणजे एकजण बाहेर जाऊन परत आला? कुठून गेला? कुठून आला? पळालेला एकवेळ समजू शकतो मी!”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आज घड्याळवाल्याने ‘तेवीस’ म्हटलंच नव्हतं. शेवटचा आकडा सदतीसच आला होता आणि आम्ही दोघा शहाण्यांनी सवयीने त्यातून एक वजा केला होता.

“खुलासा मिळेपर्यंत फाटकं उघडणार नाहीत,” साहेब म्हणाले आणि आम्हा दोघांना हाकलत आपल्या खोलीत घेऊन गेले. तिथे मंडळ बसलेलं. मध्ये निवृत्त न्यायाधीशबाई, बाजूला डॉक्टरीणबाई, समोरच्या खुर्चीवर घड्याळवाला. नवा शर्ट, हात मांडीवर, साहेबांची मोजणी होताच त्याला आमच्या आधी तिथे नेऊन बसवलं होतं. न्यायाधीशबाई घड्याळ बघत म्हणाल्या, “बारा वाजता मला निघायचंय. हे मिटणार नसेल तर पुढच्या खेपेला बघू.”

पुढची खेप म्हणजे आणखी सहा महिने. बोललो नाही तर घड्याळवाला अडकला. आणि खरं बोललो, की साहेब, काल सकाळपर्यंत हा अदृश्य भावाची हजेरी लावत होता, तर अहवालच खोटा ठरला, मग कसले सहा महिने आणि कसलं काय. माझं तोंड कोरडं पडलं. पण तोंड कोरडं असलं तरी ते बंद राहत नाही हा माझा जुना रोग.

“साहेब,” मी म्हणालो, “बराकीत एक अडतिसावा आहे. तो मला दिसतो. मीच त्याला मोजतो. आज तो आला नाही, म्हणून आकडा चुकला.”

साहेबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. एवढ्यात दाढी पुढे सरसावला. “मलाही दिसतो, साहेब.”

“कसा दिसतो?” डॉक्टरीणबाईंनी शांतपणे विचारलं.

“उंच,” मी म्हणालो.

“बुटका,” त्याच क्षणी दाढी म्हणाला.

“मामा, पुरे,” घड्याळवाला उठून उभा राहिला. “बाई, तो माझा भास होता. या दोघांनी कधीच बघितला नाही त्याला. सात महिने झाले, गोळी बदलली आणि एका सकाळी उठलो तर शेजारी नुसती भिंत. डॉक्टरांना त्याच दिवशी सांगितलं. पण मोजणीला मामा माझ्यापाशी थांबले आणि विचारलं, सर्दी उतरली का त्याची? इतक्या काळजीने विचारलं, की मला सांगवेना. म्हटलं, बिचाऱ्यांना लागेल. म्हणून रोज तेवीस म्हणत राहिलो. आज घरी जायचं, तर खोटं नको म्हणून गप्प बसलो.”

माझी कानशिलं तापली. सात महिने मी त्याला सांभाळत होतो असं मला वाटत होतं, आणि तो मला सांभाळत होता! हसू का रडू कळेना, म्हणून मी दाढीच्या पायावर पाय दिला.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला, रुमाल तोंडाला लावला आणि त्यांचे खांदे गदागदा हलायला लागले. सावरल्यावर त्यांनी विचारलं, “एकटं वाटतं का आता?”

“वाटतं,” घड्याळवाला म्हणाला. “पण काम करताना कुणी मध्ये बोलत नाही, ते बरं आहे.”

त्यांनी सही केली. साहेबांनी आम्हा दोघांच्या हातात नोटिसा ठेवल्या आणि फाटकं उघडायला लावली. नोटीस मी घडी करून खिशात टाकली. वीस वर्षांच्या नोकरीत इतक्या आनंदाने नोटीस घेतलेली नव्हती.

मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेलो. बाहेर त्याची बहीण भोंग्याने अर्धमेली होऊन उभी होती. तिने त्याच्या गालावरून हात फिरवला, मग जरा मागे सरकली आणि त्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघत चाचरत म्हणाली, “दादा, मी स्कूटर आणलीय. दोघांचीच जागा आहे.”

“दोघंच आहोत गं,” तो म्हणाला, आणि तिच्या मागे बसला.