कुटलेले खडे

जुन्या हौदाला तडा गेला आणि मावशीच्या पायाखालची जमीन सरकली. वर्षानुवर्षं निवडून जपलेले पैदाशीचे सगळे मासे त्यात होते, आणि पाणी बघता बघता उतरत होतं. टँकर बोलावून शेजारचा हौद भरला खरा, पण त्या पाण्यात क्लोरीन एवढं की नुसत्या वासानं डोळे चुरचुरले. ते मारल्याशिवाय मासे सोडणं म्हणजे हातानं त्यांचा जीव घेणं.

हिशेब भाचीकडे होता. पोरगी रसायनशास्त्र शिकणारी, सुट्टीला आलेली. तिनं पाणी तपासलं, हौद मापला.

"क्लोरीन मारायला दोन मोल थायोसल्फेट लागेल."

"मोलबिल मला सांगू नकोस. ग्रॅममध्ये बोल."

"अगं, डझनासारखंच ते. डझनभर लिंबं आणि डझनभर भोपळे, आकडा एकच, वजन वेगळं. या पावडरीचा एक मोल एकशे अठ्ठावन्न ग्रॅमचा. दोनाचे तीनशे सोळा." डब्यावर छापलेलं नाव वाचूनच तिनं हा आकडा धरला होता.

तीनशे सोळा ग्रॅम तोलून पाण्यात गेले. पुन्हा तपासायला उसंत कुठली? मासे जाळीजाळीनं नव्या हौदात आले. सगळ्यात शेवटी आली थोरली, निम्म्याअधिक माशांची आई. तिला मावशीनं स्वतः उचलून आणलं.

थोड्याच वेळात मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. भाचीनं बाटलीत पाणी घेऊन तपासणीचे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. क्लोरीन होतंच.

"हेच शिकवतात का गं कॉलेजात?" मावशीच्या तोंडाचा पट्टा सुटला. "चार बुकं वाचली की झाल्या शहाण्या! माझे मासे मारलेस तू!"

पोरीचं तोंड एवढंसं झालं. तिनं खडूनं भिंतीवर गणित पुन्हा मांडलं. उत्तर तेच, तीनशे सोळा.

मावशीची नजर डब्यावर गेली आणि तिला आठवलं. पावडर संपली तेव्हा दुकानदारानं त्याच औषधाचे खडे दिले होते. लवकर विरघळावेत म्हणून तिनं ते बारीक कुटून याच डब्यात भरले होते. खड्यांतल्या पाण्याबद्दल दुकानदार काहीतरी सांगत होता, तर हिनं त्याला उडवून लावलं होतं. औषध तेच ना, मग झालं!

आता हे सांगायचं कोणत्या तोंडानं?

"आणखी टाक थोडं," ती म्हणाली.

"थोडं म्हणजे किती? गणित बरोबर आहे, मावशी. माझी पहिली तपासणीच चुकली असेल. टँकरात पाणी उरलंय, ते नव्यानं तपासते."

मावशीनं तिला जाऊ दिलं.

भाची फाटकाशी उभ्या टँकरकडे धावली. मावशी हौदाच्या कडेला खिळून राहिली. नुसतं एक वाक्य बोलायचं होतं, पण जीभ रेटेना. तेवढ्यात थोरली एका अंगावर कलली.

"अगं ये!" मावशी किंचाळली. "पावडर नाहीये ती! खडे आहेत, मी कुटून भरलेत!"

भाची धापा टाकत परतली. "खडे? म्हणजे त्या वजनात खड्यांत बांधलेलं पाणीपण आलं! त्यांचा मोल दोनशे अठ्ठेचाळीसचा. दोनाचे चारशे शहाण्णव. एकशे ऐंशी कमी पडले, तोल लवकर!"

मावशीनं डबा पुढे केला, भाचीनंच तोललं. औषध पाण्यात गेलं, काठीनं ढवळलं. पुन्हा थेंब टाकले तेव्हा पाणी नितळ राहिलं. एकेक करून मासे खाली गेले आणि पोहू लागले.

थोरली वरच तरंगत राहिली. मावशीनं दोन्ही हात पाण्यात घालून तिला सरळ धरलं, हळूहळू पुढे-मागे फिरवलं. कल्ले हलले नाहीत.

भाची शेजारी येऊन बसली. मग तिनं विचारलं.

"मी टँकरकडे गेले, तेव्हा तुला माहीत होतं?"

मावशीनं मासा सोडला नाही.

"हो," ती म्हणाली. "तेव्हा माहीत होतं."