रेशमाला काय म्हणायचं

मावशींच्या दंडात सोळा तारा होत्या, केसाहून बारीक. त्यांतल्या अकरा बोलत, तीन मुक्या होत्या आणि दोन मनात आलं तर बोलत. कोपराखाली राखाडी रंगाचा यंत्राचा हात, पाच बोटं, दर बोटाच्या टोकाला चार सेन्सर. टेबलावर एक पडदा. पडद्यामागे चार रूळ आणि रुळांवर चार कापडं : रेशीम, मांजरपाट, लोकर, मखमल. खोलीत खिडकी एक, खुर्च्या तीन, माणसं तीन.

तिसरं माणूस म्हणजे मावशींची धाकटी जाऊ. दोघींचं मिळून शिवणाचं दुकान होतं. दीड वर्षापूर्वी कापड कापायच्या यंत्रात मावशींचा उजवा हात गेला, तेव्हापासून जाऊ एकटी शिवत होती आणि रोज एकदा तरी म्हणत होती, "काज करावं ते जाऊबाईंनीच."

समोर बसलेल्या मुलीचं काम मोजण्याचं. यंत्राच्या बोटाला कापड घासलं की सेन्सर दाब आणि थरथर टिपत, तारा ती दंडातल्या नसेला पोचवत, आणि मावशींना काय लागलं ते ही मुलगी लिहून घेई. पहिल्याच दिवशी मावशींनी तिला नाव ठेवलं, मोजपट्टी. "श्वाससुद्धा मोजून घेते हो ही," त्या जावेला म्हणाल्या होत्या.

तीन महिने झाले. आज शेवटची चाचणी होती, संध्याकाळी चारला. यंत्र आपल्या मर्जीने वीस वेळा कापड पुढे करणार, प्रत्येक कापड पाच वेळा. बारा ओळखली तर तारा दंडात राहणार आणि हात घरी न्यायला मिळणार. बाराच्या खाली आली तर सोमवारी तारा काढायच्या. काळजी कुणालाच नव्हती, कारण गेले दोन आठवडे मावशी वीसपैकी सतरा-अठराच्या खाली आल्या नव्हत्या.

सकाळी मोजपट्टीने सरावाची एक फेरी घेतली. शेजारच्या खोलीत कारागीर भिंत पोखरत होते, घर्रर्र आवाज सारखा चालू होता.

"किती गं?" मावशींनी विचारलं.

"वीसपैकी सहा."

"उगाच घाबरवू नकोस."

"डोळे मिटून काहीही ठोकून दिलं असतं तरी पाच आले असते, मावशी."

"म्हणजे एक तरी जाऊबाईंनी स्वतःच्या हुशारीने कमावला," जाऊ म्हणाली. पण तिचं हसू अर्ध्यातच राहिलं.

मोजपट्टीने तारा तपासल्या. अकराच्या अकरा बोलत होत्या. बोटं तपासली, ठीक होती. तेवढ्यात शेजारचे कारागीर जेवायला उठले आणि खोली एकदम शांत झाली. तिने पुन्हा पाच कापडं पुढे केली. पाचही बरोबर. आणि आता तिला ते दिसलं, तीन महिने डोळ्यांसमोर असलेलं : उत्तर देण्याआधी मावशी मान किंचित उजवीकडे कलती करत होत्या.

टेबलाखाली हात घालून तिने तारांचं बटण बंद केलं आणि चार कापडं एकेक करून यंत्राच्या बोटांवरून ओढली.

"मखमल," मावशी म्हणाल्या. "मांजरपाट. रेशीम. ही लोकर."

चारही बरोबर.

"मावशी, तारा बंद होत्या."

जावेला आधी कळलं. "अगं बाई! कान! दुकानात गिऱ्हाईक पिशवीतून कापड ओढायला लागलं की या पाठमोऱ्याच सांगायच्या, रेशीम आणलंत का म्हणून. चाळीस वर्षं हेच."

मावशींनी आपल्या राखाडी बोटांकडे बघितलं. "म्हणजे तीन महिने मी तुला फसवत होते?"

"तुम्ही खरंच ओळखत होता. मीच चुकीच्या जागी मोजत होते." मोजपट्टीने वहीत तारीख टाकून सगळं लिहिलं, बटणासकट. "आता कान बंद करून चाचणी घ्यावी लागेल. आजच."

"आणि मग सोमवारी तारा काढतील," मावशी म्हणाल्या.

"मावशी, हाताला काय लागतं तुमच्या? कान सोडून."

"कापड लागत नाही," मावशी म्हणाल्या. "दुसरंच काहीतरी लागतं. तुला सांगितलं नाही. वेडी म्हणाली असतीस."

"वेड्या तर तुम्ही आधीपासूनच आहात, जाऊबाई," जाऊ हळूच म्हणाली. "सांगा तिला."

मोजपट्टीने तारांचं बटण पुन्हा चालू केलं आणि मावशींच्या कानांवर जाड हेडफोन चढवले. त्यात धबधब्यासारखा आवाज सोडला, पडदा ओढला आणि रेशीम पुढे केलं. दुपारचं ऊन खिडकीतून टेबलावर उतरलं होतं, धुळीचे कण त्यात तरंगत होते. मावशी डोळे मिटून बसल्या. धबधब्यापलीकडून बोलावं तशा त्या मोठ्याने, सावकाश बोलायला लागल्या.

"कुणीतरी आत झोपलंय. मी दाराशी उभी आहे, पाय न वाजवता."

पुन्हा रेशीम. पुन्हा तेच दार. मग मांजरपाट.

"किनाऱ्यावर पाणी मागे जातं ना, तेव्हा पायाखालची वाळू सरकते. ती. पण पायाखाली नाही, हाताखाली. ज्या हाताखाली नाही त्या हाताखाली."

लोकर. मावशींचा चेहरा लहान मुलीसारखा झाला. "गाडीत झोप लागलीय. घर आलंय. बाबा उचलून आत नेतायत."

मखमल. "हेही तेच. पण आता बिछान्यावर ठेवलंय. ठेवून हात काढून घेतलाय."

जावेने पदराने डोळे टिपले आणि कुणी पाहिलं का ते बघितलं. मोजपट्टी लिहीत होती. प्रत्येक कापड दहादहा वेळा फिरवलं. दार आणि वाळू दर वेळी जागच्या जागी येत. उचललं आणि ठेवलं यांची अधूनमधून अदलाबदल होई.

तिने तारा बसवणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला. आधी कानांचं सांगितलं. मग विचारलं, "पेशंटने कापडाचं नाव घ्यायलाच हवं, अशी अट आहे का?"

"वेगळेपण ओळखायला हवं, एवढीच आहे," डॉक्टर म्हणाले. "कशाला काय म्हणणार ते चाचणीआधी लिहून मला पाठव. नंतर एक अक्षर बदलायचं नाही."

तिने चार ओळींचा कागद पाठवला. रेशीम : दार. मांजरपाट : वाळू. लोकर : उचललं. मखमल : ठेवलं.

चारला कारागीर पुन्हा भिंत पोखरायला लागले होते. मावशींच्या कानांत धबधबा होता, त्यांना भिंतीच्या आवाजाचा पत्ताही नव्हता. पडद्यामागे रूळ फिरू लागले. कोणतं कापड येतंय ते खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं, यंत्राशिवाय. मावशींची मान सरळ होती.

"दार," त्या म्हणाल्या. "वाळू. वाळू. उचललं." मध्येच थांबत, काहीतरी दूर गेलेलं परत येण्याची वाट बघत. "थांब... ठेवलं. दार."

जाऊ खुर्चीच्या टोकावर बसली होती. शेवटचं कापड आलं. राखाडी बोटं कापडावरून मागेपुढे होत राहिली, झोपलेल्या माणसाच्या पाठीवरून फिरावीत तशी.

"उचललं," त्या म्हणाल्या.

मोजपट्टीने यंत्राची यादी उघडली, आपली यादी शेजारी ठेवली आणि पेन्सिलने एकेक ओळ जुळवली. मग पुन्हा एकदा, खालून वर.

रेशीम, पाचपैकी पाच. मांजरपाट, पाचपैकी पाच. लोकर, पाचपैकी दोन. मखमल, पाचपैकी दोन. एकूण, वीसपैकी चौदा.