अकरा कार्डं, एकच वेळ

"ज्योत्स्नाताई, ही कार्डं तुम्ही घरी बसून भरलीत ना?"

डॉक्टर डिंपल जळगावची, वयाने माझ्या पुतणीएवढी. बाळंतपणानंतर बायकांना लघवीचा काय त्रास होतो, यावर धुळ्याच्या मेडिकल कॉलेजात तिचा अभ्यास चाललाय. मी सोनगीरजवळच्या आमच्या गावातली आशा कार्यकर्ती. तिच्यासाठी अकरा जणींना कार्डं वाटली होती. तीन दिवस पाणी किती प्यायलं, लघवीला कधी गेलं, ते चित्रांवर खूण करून दाखवायचं. खोकताना, हसताना गळली तर फुली. आणि आता ही पोरगी मलाच खोटं ठरवत होती. माझं डोकंच फिरलं.

"अकराही कार्डांवर त्याच वेळा आहेत," ती म्हणाली. "पहाटे साडेपाच, दुपारी एक, संध्याकाळी सात. असं कुणी घड्याळ लावून जातं का? ही सगळी बाद करावी लागतील."

बाद झाली असती तर माझं काही बिघडणार नव्हतं. बिघडणार होतं ते बाहेर बाकावर बसलेल्या कोकिळाचं. तिसऱ्या बाळंतपणात दोन दिवस अडली होती बिचारी. तेव्हापासून शिंकली तरी साडी ओली. चार वर्षं ती कुणाच्या लग्नाला गेली नव्हती. तिच्या सासूने, भिकुबाईंनी, एका खाजगी दवाखान्यात गर्भपिशवी काढायची गुरुवारची तारीख घेऊन ठेवली होती. आमच्याकडे बाईचं कमरेखाली काहीही बिघडलं की हा एकच इलाज. "आधी कॉलेजात दाखवू," म्हणून मीच दोघींना ओढून आणलं होतं. आता कार्डच खोटं ठरलं, तर तिचं ऐकणार कोण?

"अहो मॅडम, त्या जातातच एकत्र!" मी आवाज चढवला. "पहाटे आणि अंधार पडल्यावर गावाबाहेर, दुपारी शेतात. सगळ्या एकाच टोळीत कापूस वेचतात. शेतात आडोसा म्हणजे तुरीच्या चार ओळी. दोघी पहाऱ्याला उभ्या राहतात, बाकीच्या जातात. एकटी कोण जाणार? आणि मध्येच जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. बघा ना पाण्याच्या खुणा."

तिने पाहिल्या. दिवसभरात दोन नाहीतर तीन.

"चुकलं माझं, ताई," ती सरळ म्हणाली, आणि माझा निम्मा राग तिथेच उतरला. मग ती कार्डं पुन्हा चाळू लागली. "वेळा सारख्या आहेत, पण फुल्या सारख्या नाहीत. ही सतरा फुल्यांची कोकिळा कोण?"

कोकिळाला आत बोलावलं. लघवीची तपासणी, सोनोग्राफी, मोठ्या मॅडमनी पाहणं, यात दुपार झाली. मग डिंपलने सासूसुनेला समोर बसवलं.

"पिशवी चांगली आहे. ती काढून हे थांबणार नाही. बाळंतपणात खालचे स्नायू सैल पडलेत. त्यांचा व्यायाम शिकवते, तीन महिने रोज करायचा. बऱ्याच जणींना फरक पडतो. नाहीच पडला तर पुढे दुसरे उपाय आहेत. आणि पाणी प्यायचं."

कोकिळाने सासूकडे पाहिलं. घरात शब्द सासूचाच चालायचा. भिकुबाईंनी तोंडाला पदर लावला. आता या वाद घालणार, म्हणून मी कंबर कसूनच बसले होते.

"खरं शे," त्या आमच्या अहिराणीत म्हणाल्या. "मनी पिशवी बावीस वरीस पह्यले काढी टाकी, ह्याच दुखनाकरता. तरी बी खोकला ऊना का लुगडं वल्लं व्हस."

"आत्या, मंग माले कसं नई सांगं?"

"कोनले सांगू, माय? माले वाटे, मनंच आपरेशन बिघडनं. तुनं चांगलं व्हई."

कोकिळा रडायला लागली आणि रडता रडता हसायला. किती हलकं वाटलं मला, काय सांगू! त्या म्हातारीचा रागही येत होता आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटत होतं. बावीस वर्षं ही बाई कुणाला न सांगता लुगडी धूत होती.

"ज्योत्स्ना, त्या दवाखानाले फोन लाव," भिकुबाई म्हणाल्या. "सांग, गुरुवारले आम्हले येनं नई शे."

मी तिथल्या तिथे फोन लावला. तोवर डिंपल कोकिळाला व्यायाम समजावू लागली होती. भिकुबाईंनी खुर्ची पुढे ओढली.

"जरा दमानं सांग, बेटा," त्या म्हणाल्या. "माले बी करनं शे."