पुढच्या फाटकातून

कौसल्येच्या मुलीचं बारसं बुद्धवंदना म्हणून झालं, गमऱ्यांच्या घरातलं तसलं पहिलंच, ते साल एकोणीसशे सत्तावन. पाहुणे पांगले तसा तिचा सासरा भिवा म्हणाला, "बाय, मला एकदा शेटची बाग दाखव. पुढच्या फाटकातनं."

परळच्या त्या बागेला दोन पुरुष उंच दगडी कोट होता. आत बंगला आणि बंगल्यापलीकडे कारंजं. माघातल्या एका रविवारी गुलाब बघायला शेट ती सगळ्यांना उघडी करी. भिवानं तरुणपणी तिथं शेणखताच्या पाट्या वाहिल्या होत्या, पण मागच्या दारानं, आणि विहिरीच्या अलीकडेच. कारंज्याचा त्यानं नुसता आवाज ऐकलेला. आता गिरणीतल्या कापसानं त्याची छाती पोखरली होती. पुढचा माघ तो बघेल असं डॉक्टरही म्हणत नव्हता.

त्या रविवारी फाटकावर बागेचा नाना मुकादम उभा. गिरगावातली कोट-टोपीवाली मंडळी त्यानं हात जोडून आत सोडली. ह्या दोघांना बघताच काठी आडवी केली.

"चाळवाल्यांनी मागनं जायचं."

"का? गुलाब मागं तोंड करून उभे आहेत काय?" कौसल्या म्हणाली.

"बाई, निवडणूक आलीय. तुम्ही समितीवाले. आत घोषणा द्याल."

"घोषणा इथनंही देता येते. ऐकवू? मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..."

"झालाच पाहिजे!" रांगेतला एक टोपीवाला ओरडून गेला. त्याच्या बायकोनं त्याला कोपर मारलं.

नाना काठी हलवेना. तेव्हा कौसल्येनं सासऱ्याला फाटकाच्या मधोमध बसवलं आणि स्वतःही शेजारी फतकल मारली. तेवढ्यात शेटच्या पाहुण्यांची मोटार आली आणि भोंगा वाजवू लागली.

"अगं, उठव त्या म्हाताऱ्याला!" नाना कौसल्येवर ओरडला.

"उठतो की," भिवा खोकत म्हणाला. "पुढं जायला उठतो. मागं जायला नाय."

भोंगा थांबेना. नानानं चरफडत काठी बाजूला घेतली.

आत शिरताच भिवानं वाकून वहाणा काढल्या आणि काखेत धरल्या. शेटच्या आवारात भिवाच्या लोकांनी तसंच चालायचं असे.

"मामंजी, घाला त्या."

"पाय ऐकत नाय गो."

"मग दटावा त्यांना."

मागं नाना फिस्सकन हसला. भिवानं वळून त्याच्याकडे पाहिलं, वहाणा खडीवर आपटल्या आणि त्यांत पाय घातले. मग ओसरीवर चहा पीत बसलेल्या पाहुण्यांसमोरून, खडी करकरवत, तो थेट कारंज्यापर्यंत गेला आणि त्याच्या काठावर टेकला.

"ए, तिथं बसायचं नाही!" नाना धावत आला.

"लय वर्षं उभा होतो, मुकादम," भिवा म्हणाला. "मन भरलं की उठेन."

त्यानं ओंजळ भरली आणि नानाच्या देखत पाणी प्याला. कौसल्या त्याच्या शेजारी बसून राहिली. त्याचं मन भरायला संध्याकाळ झाली.

भिवा धाकू गमरे त्याच वर्षी जून महिन्यात नायगावच्या चाळीत वारला.