कोरा शिधा

मंद्रूप ते सोलापूर अंतर आठेक कोस. पण मंद्रूपच्या महारवाड्यातून निघालेल्या माणसाला सोलापूर म्हणजे परमुलूखच. तिथं तुम्हाला कुणी ओळखत नाही, आणि माझ्यासारख्याला एवढं एकच सुख पुरतं.

मी खोटं बोलून राहिलो. शुक्रवार पेठेत लाडलेसाब म्हणून मिलमधले जुने साचेवाले, म्हणजे मागावरचे विणकर होते, त्यांच्या अंगणातली खोली मी भाड्यानं घेतली. त्यांनी विचारलं, "कोण लोक तुमी?" मी म्हणालो, "कुणबी." खरं सांगितलं असतं तर पेठेतल्या लोकांनी मला त्या अंगणात एक रात्र काढू दिली नसती. आणि मिलच्या साळखात्यात, म्हणजे जिथं कापड विणतात तिथं, महाराला साच्यापाशी उभं करत नाहीत. सुतखात्यात मर म्हणतात. लाडलेसाबांनी खात्यात माणसं भरणाऱ्या जॉबरला सांगितलं, "गुंडा माझा भाडेकरू हाय, कुणब्याचं पोरगं हाय, मी जबान देतो." त्या जबानीवर मला साचा मिळाला. सहा महिने मी तो चालवला आणि चांगला चालवला.

सन एकोणतीसचा रमजान आला. घरात उपास सुरू झाले आणि माझी पंचाईतही. लाडलेसाबांची बायको खुतेजाबी फार जपणारी बाई. माझा पाण्याचा माठ खोलीबाहेर ओट्यावर असे. येता-जाता तिच्या ओढणीचं टोक माठाला लागलं की ती तो सगळा उपडा करायची आणि शेजारच्या गोजरबाईला हाक मारायची, "गोजरबाय, जरा ह्या पोराचं पानी भरून द्या वो. माझा हात लागला." उपाशीपोटी, मार्चच्या उन्हात. गोजरबाई म्हणजे आमच्याच मिलमधल्या तात्याबाची बायको, पक्की कुणबीण. ती घागर घेऊन यायची आणि महाराचा माठ भरून जायची. पहिल्यांदा मी खोलीत तोंड दाबून हसलो. दुसऱ्यांदा हसू आलं नाही.

मला विटाळ होऊ नये म्हणून एक बाई राबत होती. मला! ज्याच्या आईला, बजाबाईला, गावात भाकरी वाढताना बाया हात उंच धरून वरून टाकतात.

ईदच्या सकाळी लाडलेसाब ईदगाहवरून आले. नवा सदरा, कानात अत्तराचा बोळा. माझ्या दारात येऊन त्यांनी पितळी ताट खाली ठेवलं आणि दोन पावलं मागं सरले. ताटात शेवया, खारका, खोबऱ्याची वाटी, साखर. बाजूला दुधाचा तांब्या.

"ईद हाय बाबा. करून खा. कशाला हात लावल्याला न्हाय, सगळं सुपानं टाकलंय. दूध बी तात्याबाच्या म्हशीचं हाय."

मी नुसता बघत राहिलो. हा कोरा शिधा. गावात असा शिधा जंगमाला मिळतो, भटाला मिळतो. ज्याला देणाऱ्याच्या हातचं चालत नाही, त्याला कोरं देतात. आमच्या वाट्याला शिजलेलं, आणि तेही शिळं. माझ्या सात पिढ्यांत असं ताट कुणाच्या दारात आलं नव्हतं. आलं तेव्हा ते माझं नव्हतं, मी सांगितलेल्या खोट्याचं होतं.

चूल पेटवली. शेवया भाजायला घेतल्या. आतून भांड्यांचा आवाज येत होता, पोरं भांडत होती, लाडलेसाबांची आई हुसेनबी कुणाला तरी दटावत होती. आत सगळं घर एका चादरीभोवती बसलं होतं आणि मी परजातीचा मोठा माणूस म्हणून एकटा धूर खात बसलो होतो. माणसांनी मला हाकलून दिलेलं मी पुष्कळ सोसलंय. मान देऊन लांब बसवलेलं सोसेना.

चूल तशीच सोडली. त्यांच्या दारात गेलो.

"चाचा, मला तुमच्यात बसायचंय."

लाडलेसाब हसले. "वेडा हाय का? जात जाईल तुजी."

"जायला ती हाय कुटं? मी महार हाय."

लाडलेसाब डाव धरून वाढत होते. त्यांचा हात थांबला. मी तो थांबलेला हात बघितला, आणि तो इथं झाकणार नाही. शिवाशिव फक्त हिंदूंत असते असं कुणी म्हणालं तर ते खोटं. पेठेत राहून त्यांनाही ती लागली होती.

पहिली बोलली खुतेजाबी. "अगे मां! चार बार माठ उपडा करी मैं! रोजे में! कायकू बोल्या नै रे?"

"बोललो असतो तर खोली दिली असती का, चाची?"

तिनं नवऱ्याकडं बघितलं.

लाडलेसाब म्हणाले, "खोलीचं सोड. मी जॉबरला जबान दिलीय. तू माज्या तोंडून खोटं बोलवलंस."

मी म्हणालो, "व्हय. ते चुकलं माजं."

हुसेनबीला धड दिसत नसे. ती म्हणाली, "कौन है? गुंडा? तो खडा कायकू है? बिठाव उसकू. सेवयां गोंद हो जारै."

लाडलेसाब थोडे सरकले. जागा झाली. मी बसलो. त्यांनी माझ्यापुढं वाटी ठेवली, काठोकाठ. दुधात खारका फुगल्या होत्या. मी खाल्लं. खुतेजाबी तेवढी मधूनच पुटपुटत होती, "चार बार!"

इतक्यात अंगणात तात्याबा आला. दर ईदेला तो यायचा, अत्तर लावून घ्यायचा, विडा घ्यायचा, उभ्याउभ्या परत जायचा. साळखात्यात त्याचा साचा माझ्या पलीकडं होता. मला पंगतीत बघून तो उंबऱ्याबाहेरच थबकला.

"काय रं गुंडा? कुणब्याचं पोरगं आन् हितं बसून खातोस व्हय? तुज्या बापाला कळवू का?"

लाडलेसाब झटकन उठले आणि त्याच्या हातावर विडा ठेवत म्हणाले, "न्हानगा हाय वो तात्याबा. दूध तेवढं पितोय. तुमच्याच म्हशीचं हाय की."

त्यांना नुकतंच खोट्याचं दुःख झालं होतं, आणि माझ्यासाठी ते पुन्हा खोटं बोलत होते. मी मान हलवली असती तरी भागलं असतं. साचा राहिला असता.

"तात्याबा," मी म्हणालो, "मी कुणबी न्हाय. महारवाड्यातला हाय. चाचांना बी आत्ताच कळलं."

तात्याबाच्या हातातला विडा तसाच राहिला. तो म्हणाला, "माज्या गोजरनं पाणी भरलं की रं तुजं."

"भरलं. लई थंड असायचं."

तो विडा उंबऱ्यावर ठेवून निघून गेला.

लाडलेसाब म्हणाले, "झालं. गेला तुजा साचा." मग डाव उचलून त्यांनी माझ्या वाटीत अजून वाढलं.

दुसऱ्या दिवशी जॉबर खात्याच्या दारातच उभा होता. माझ्याशी बोलला नाही. लाडलेसाबांना म्हणाला, "तुमीच आणलं व्हतं की ह्याला, जबान देऊन."

"व्हय, दिली. फसलो मी. पण सहा महिन्यांत ह्याच्या कापडात एक डाग दाखवा."

जॉबरनं दाखवला नाही. "खाली सुतखात्यात जा," एवढंच मला म्हणाला.

"खोली?" मी लाडलेसाबांना विचारलं.

"खोली माजी हाय, मिलची न्हाय," ते म्हणाले आणि आपल्या साच्याकडं गेले. रागावलेले होते. पुढं दोन महिने माझ्याशी धड बोलले नाहीत, पण जा म्हणाले नाहीत.

सुतखात्यात कापसाची धूळ जास्त आणि पगार कमी. तिथं एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कुटला? कोण लोक?"

"मंद्रूपचा. महार."

"मग बघत काय उभा? टोपलं धर की."

मी धरलं.