सर्वांत वरची पायरी

दिल्लीत आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, मंडळी बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातही सगळ्यात हट्टी मी. हरणं मला जमत नाही. म्हणूनच प्रेमलानं एका महिन्यात दोनदा मला हरवलं, तेव्हा जिवाचा नुसता संताप झाला.

प्रेमला माझे ब्लाउज शिवायची. माझं सरकारी क्वार्टर सरोजिनी नगरात, तिची भाड्याची खोली मागच्याच गल्लीत. मानेसरच्या एका कारखान्यातली तिच्या नवऱ्याची, राजारामची, नोकरी गेली आणि पाठोपाठ तिचं शिलाई मशीनही विकलं गेलं. मुलगी समता बारावीत, अतिशय हुशार. तिची शाळा अर्धवट सोडून तिघं वर्ध्याला परतणार, असं कानावर आलं आणि मी ठरवलं, हे होऊ द्यायचं नाही.

आमच्यात देणं म्हणजे उपकार नव्हे. त्याला आम्ही त्सेदाका म्हणतो. म्हणजे न्याय, ज्याचं त्याला पोचवणं. त्याच्या आठ पायऱ्या बाबांनी लहानपणीच पाठ करून घेतल्या होत्या. कुरकुरत देणं सगळ्यात खालची. घेणाऱ्याला देणारा कळूच नये, ही बरीच वरची.

मी तीच धरली. शुक्रवारी, शब्बाथचे दिवे लावायच्या आधी, तिच्या दाराला डाळ-तांदळाची पिशवी अडकवली आणि पळाले. अठ्ठावन्न वर्षांची बाई, जिन्यावरून चोरासारखी!

रविवारी प्रेमला भेटली. ‘‘ताई, कोणीतरी पिशवी विसरून गेलं होतं. वरच्या म्हातारीला देऊन टाकली. बेचारी अकेली रहती है ना.’’

पुढच्या आठवड्यात मी सरळ म्हटलं, ‘‘समताची फी मी भरते.’’

तिचा चेहरा बदलला. ‘‘आमच्या आजोबांनी दारोदार मागणं सोडलं ते कायमचं, ताई. मी नाही परत सुरू करणार.’’

मी घरी आले ती शरमेनं लाल होऊन. तिचं चुकलं कुठं होतं? मीच पायरी चुकले होते. सर्वांत वरची वेगळीच आहे: माणसाला काम द्या, नाहीतर त्याच्याशी भागीदारी करा, म्हणजे त्याला पुन्हा कुणाकडून घ्यावं लागणार नाही. त्यासाठी थोडं खोटं बोलावं लागतं, हे मात्र बाबांनी सांगितलं नव्हतं.

‘‘प्रेमला, मला धंदा काढायचाय,’’ मी दुसऱ्या दिवशी म्हटलं. ‘‘रिटायरमेंट जवळ आली, घरी बसून वेड लागेल. मशीन माझं, कपडा माझा, हात तुझे. नफा अर्धा-अर्धा.’’

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ‘‘तुम्हाला शिवता येतं?’’

‘‘अजिबात नाही.’’

‘‘मग काजं-बटणं शिका. फुकट बसणारा पार्टनर मला चालणार नाही.’’

झालं! ऑफिसात ज्या बाईला बघून शिपाई खुर्चीतून उठायचे, ती संध्याकाळी प्रेमलाच्या खोलीत जमिनीवर बसून काजं करू लागली. एकेक काज ती तीन-तीनदा उसवायला लावायची. ‘‘क्या ताई, हे काज आहे की भोक?’’ सुयांनी माझ्या बोटांची चाळण झाली. पण वर्ध्याची तिकिटं रद्द झाली.

मग कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सरकारी अतिथीगृहाचं काम मिळालं. सगळ्या खोल्यांचे पडदे! राजारामनं कापड बेतलं. कारखान्यात सुटे भाग मापात बसवलेला हात, एक इंच वाया जाऊ दिला नाही. पडदे लागले, त्यावरून आणखी तीन कामं आली. समता पास झाली आणि कॉलेजातही गेली.

गेल्या रविवारी प्रेमला माझ्याकडे आली. बसेचना. पदराशी चाळा करत उभी.

‘‘ताई, वाईट वाटून घेऊ नका. पण पार्टनरशिप आता बंद करू या. मार्केटमध्ये गाळा घेतलाय. दोन मशिनं आणली, दोघी बायका कामाला ठेवल्या. आणि तुमची काजं... खरं सांगू? अजून वाकडीच येतात.’’

‘‘म्हणजे मला काढून टाकलंस?’’

‘‘हो ताई.’’

मी उठून तिला मिठीच मारली. हसू आणि रडू एकदमच आलं. धक्क्यानं मला काहीतरी झालं असं समजून ती बिचारी पाणी आणायला धावली.

‘‘पण नक्की ना?’’ मी विचारलं. ‘‘मला परत नाही ना घेणार?’’

‘‘बिल्कुल नाही,’’ प्रेमला ताठ उभी राहून म्हणाली. ‘‘राग नका मानू, पण आता मला कुणाचीच गरज नाही.’’

हे ऐकायलाच तर मी वर्षभर बोटं टोचून घेतली होती!