जिन्यावरून मारलेली हाक

वाटीत चमचा पडला. आवाज एवढासाच, पण दोघंही जागच्या जागी थिजली आणि पाळण्याकडे बघत राहिली. बाळाने ओठ मुडपले, एक सुस्कारा टाकला आणि परत डोळे मिटून घेतले. नवऱ्याने चमचा असा अलगद उचलला, जणू चमचाच झोपला होता.

"एक काम धड करशील तर शपथ," ती कुजबुजली.

"नावाचा विचार करत होतो. विचार करताना हात माझ्या ताब्यात नसतात."

महिना उलटून गेला होता आणि पोरगी अजून नुसती 'बाळ'च होती. नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याला नाव आधी दिसायचं, मग ऐकू यायचं. दाराच्या मागच्या बाजूला तो खडूने नावं लिहायचा, दोन पावलं मागे सरकून एक डोळा बारीक करायचा आणि बाहीने पुसून टाकायचा. "हे नाव एका बाजूला कलतंय," म्हणायचा, नाहीतर "याचं पोट सुटलंय."

तिचा हिशोब वेगळा होता. ती दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसायची आणि बाळंतपणापर्यंत दिवसभर नावंच पुकारत आली होती. काही नावं पुकारली की माणसं इकडेतिकडे बघतात, शेजाऱ्याने ढोसल्यावर उठतात. काही नावं कानावर पडायचा अवकाश, माणूस उभा. तेव्हापासून तिच्या मनाने घेतलं होतं, की नाव लिहून कळत नाही, हाक मारून कळतं.

आणि तिला छोटं, जुनं नाव हवं होतं. घरात लाडाने मारतात तसल्या हाकेचं. आताच्या मुलींची नावं तिला कोऱ्या कपड्यासारखी वाटायची, खळ न गेलेली. दवाखान्यात एखादं कडेवरचं पोर बबी नाहीतर नानू निघालं, की पुकारताना तिच्याच तोंडाला गोडवा यायचा.

"छबू," ती म्हणाली.

नवऱ्याने दारावर लिहिलं. मागे सरकला. "बसतंय," तो म्हणाला. "अंगाने भरलेलं आहे, पण तोल आहे. बाबा आत्याला हाक मारायचे ना या नावाने?"

"म्हणून तर आठवलं."

आत्या म्हणजे त्याच्या वडिलांची बहीण. खालच्या मजल्यावर एका खोलीत एकटी राहायची आणि शिंप्याच्या दुकानासाठी काजं करायची. साऱ्या गल्लीची ती आत्या; पाववालाही आत्याच म्हणायचा. छबू म्हणणारा एकच माणूस होता, तिचा भाऊ. रोज दुपारी चहा उकळला की तो जिन्याच्या तोंडाशी उभा राहून खाली हाक द्यायचा, आणि ती "आले रे" करत वर यायची. तो गेल्यापासून चहा खाली पोचवला जायचा. कपावर बशी झाकून.

"थांब, बघते," ती म्हणाली. दार लोटून जिन्यात आली, कठड्यावर हात ठेवला आणि गळा मोकळा करून हाक मारली. "छबू..." छान गेली. पायऱ्या उतरत, वळण घेत, खालपर्यंत. पुन्हा मारली, या खेपेला जरा ओढून. "ए छबू..."

आत्या खाली आहे हे तिला ठाऊक होतं. पण त्या नावात अजून कोणी राहतंय, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. जुन्या पेटीत सापडलेल्या झबल्यासारखं ते तिला वाटलं होतं. धुऊन घ्यायचं आणि घालायचं.

खाली दार वाजलं. "आले, आले," आवाज आला, घाईचा, श्वास लागलेला. गुडघे धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत आत्या वर आली. गळ्यात कात्री लोंबत होती, सुई पदराला खोचलेली. एवढ्या वेळात तिने केसांवरून पाण्याचा हातही फिरवला होता. वर बघून हसली आणि म्हणाली, "चहा टाकला का गं?"

चहा टाकला नव्हता. पण हो म्हणायला काय लागत होतं? नंतर हे तिने स्वतःला किती वेळा विचारलं. दोन कप पाणी चढवायचं, बसा म्हणायचं, नाव परत जागेवर ठेवून द्यायचं. ती नुसती कठडा धरून उभी राहिली. तेवढ्यात नवरा हसत बाहेर आला.

"अगं तुला नाही, आत्या. पोरीचं नाव चाखून बघतोय. छबू. कसं वाटतंय?"

आत्याने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "असं होय," ती म्हणाली. चष्मा काढून पदराने पुसला. "ठेवा की. माझ्याकडे नुसतं पडूनच होतं."

"तुम्हाला चालेल ना, आत्या?"

"मला काय धाड भरली? पण नुसतं छबू ठेवू नका. लहानपणी गोड वाटतं. पुढे साहेबीण झाली तर? दारावर पाटी लागणार, 'छबू'. शिपाई उठून उभा तरी राहील का?"

"मग मागे काय लावू?" नवऱ्याने खडू घेऊन दार धरलं.

तिघंही कुजबुजत नावं जोडू लागली. छबू रेखा कोरडं वाटलं. छबू मृणालिनीला आत्या म्हणाली, "मांजराला हत्तीची झूल." छबू नंदा म्हणजे कोणी वाण्याकडे जिन्नस मागतंय असं नवऱ्याला वाटलं. आधी एवढंसं आणि मागे लांब, पण लांबीत ऐट नको, असं काहीतरी हवं होतं.

"आत्या, तुझं कागदावरचं मनोरमा ना?" नवरा म्हणाला आणि लिहून मोकळा झाला. छबू मनोरमा. मागे सरकला, आणि या वेळी त्याने डोळा बारीक केला नाही. "घ्या. उगाच गावभर हिंडलो. जोडी आधीच जुळलेली आहे."

खरंच जुळलेली होती. तिनेही ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं आणि आनंदात तिचं आत्याकडे लक्षच राहिलं नाही. लक्ष गेलं तेव्हा आत्या जिन्याकडे वळली होती.

"बसा ना, आता टाकते चहा."

"नको गं. काजं राहिलीत."

नाव ठेवलं. ज्याला त्याला आवडलं. ती कामावर परतली तेव्हा दंतवैद्यबाई म्हणाल्या, "जुनं आहे, पण जुनाट नाही." ती सुखावली. आत्याचा मान केला, असंही ती लोकांना सांगायची आणि सांगताना तिला ते पटायचंही.

पोरगी चालू लागली तशी जिन्यावरून हाका सुरू झाल्या. छबू, वर ये. छबू, चप्पल घाल. आत्या खाली दारात बसून काजं करायची. सुरुवातीला हाक गेली की तिची सुई कापडात अर्धी जाऊन थांबायची. मान वर व्हायची नाही. नुसता हात थबकायचा आणि मग पुढे चालायचा. ते वरून स्पष्ट दिसायचं. मग पुढची हाक ती हळू मारायची, जसं काही हळू मारल्याने भागणार होतं.

"तू मार ना रे आत्याला हाक," एकदा ती नवऱ्याला म्हणाली. "बाबांसारखी. चहाला."

"आता कसं? एक हाक मारली की दोघी येतील." तो हसला आणि ब्रश धुवायला गेला. त्याच्या मनात काही नव्हतं. जिन्यावरून पहिली हाक मारली तेव्हा तिच्याही मनात काही नव्हतं, आणि तेच तर वाईट होतं.

पुढे सुई थांबायची बंद झाली. आधी तिला बरं वाटलं. सवय झाली, म्हणाली मनाशी.

आत्याचा खालचा दात हलायला लागला तेव्हा ती तिला आपल्या दवाखान्यात घेऊन आली. आत्या खुर्च्यांच्या रांगेत टोकाला बसली, पिशवी मांडीवर घेऊन, परक्यासारखी. पाळी आली. सगळ्यांना पुकारतात तसं तिने टेबलावरून पुकारलं, "मनोरमा." आत्या समोरच्या भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे बघत राहिली. त्या नावाने तिला कधी कोणी हाक मारलीच नव्हती.

'आत्या' तिच्या ओठांवर आलं होतं. पण ती उठली, खुर्चीपर्यंत गेली, किंचित वाकली आणि हळूच, सासऱ्यांच्या त्या चालीवर म्हणाली, "छबू..."

आत्याचा चेहरा उजळला. पण ती तिच्याकडे वळलीच नाही. मान लांबवून दाराकडे बघू लागली.

"आली का? एवढ्या उन्हात कोणी आणलं तिला?"

"नाही, आत्या. मी तुम्हाला..."

"मला वाटलं आलीच." आत्याने पिशवी सावरली. "माझा नंबर लागला का गं?"

तिने आत्याचा हात धरून आत नेलं. एवढंच करण्यासारखं उरलं होतं. तो हात तिला आता उगाच जास्त वेळ धरून ठेवावासा वाटत होता, आणि दंतवैद्यबाई खुर्ची खाली करून थांबल्या होत्या.

संध्याकाळी आत्या गालात कापूस धरून पडली होती. छबू तिच्या उशाशी बराच वेळ बसून वर आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. आई दूध गाळत होती.

"आई, माझं नाव आधी खालच्या आजीचं होतं?"

"हो."

"सगळं? छबू पण आणि मनोरमा पण?"

"दोन्ही."

 छबूने पायाच्या अंगठ्याने फरशीवरची भेग कोरली.

"मग तिला नको होतं का ते?"